जाँच आणि जाच : प्राथमिक आरोग्यसेवेतील एचआयव्ही चाचणीचा इतिहास

हिंदीतील ‘जाँच’ आणि मराठीतील ‘जाच’ या दोन शब्दांत उच्चारापुरते एका अनुनासिकाचे अंतर आहे. जयपूरच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचे झाले की ‘जाँच’ हाच शब्द कानी पडतो. पोलिसांची चौकशी, खात्याची चौकशी, उत्तरपत्रिकांची तपासणी यांनाही त्या भाषेत ‘जाँच’च म्हणतात. मराठीत ‘जाच’ म्हणजे छळ, तोही एकदा होऊन संपणारा नव्हे, रोजचा : सासरचा जाच, सावकाराचा जाच. हिंदी कोशकार ‘जाँचना’ या क्रियापदाचे मूळ संस्कृत ‘याच्’ धातूपाशी नेतात. ब्रज आणि अवधी काव्यातील ‘जाचक’ हा याचकच आहे. म्हणजे मागणे, विचारणे हा त्या क्रियापदाचा जुना अर्थ, पारखणे हा त्यातून पुढे आलेला. मराठी ‘जाच’ त्याच कुळातला आहे की नाही, हा प्रश्न व्युत्पत्तिशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवावा. प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, भारतातील एचआयव्ही चाचणीच्या चार दशकांच्या इतिहासात विचारणे, चौकशी करणे आणि छळणे या तिन्ही अर्थच्छटा प्रत्यक्षात अवतरलेल्या दिसतात. आणि त्यांचा क्रम भाषेतल्या क्रमाच्या बरोबर उलटा आहे.

चाचणी वेळेवर होणे म्हणजे काय, हे प्रथम नेमकेपणाने समजून घेतले पाहिजे. विषाणूचा शरीरात प्रवेश झाल्यावर काही आठवडे प्रतिपिंडे शोधणारी चाचणी त्याला ओळखू शकत नाही. तो काळ लोटला की पुढे बहुधा अनेक वर्षे माणूस वरवर निरोगी असतो. प्रतिकारशक्ती ढासळल्यावर क्षयरोग, तोंडातली बुरशी, महिनोन्‌महिने न थांबणारे जुलाब, तरुण वयात उठलेली नागीण अशी लक्षणे दिसू लागतात. या मधल्या वर्षांत निदान झाले आणि उपचार सुरू झाले तर आयुर्मान जवळजवळ इतरांसारखेच राहते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचपीटीएन ०५२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीप्रयोगाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली : लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराकडे होणारे संक्रमण ९६ टक्क्यांनी घटते. त्या प्रयोगातील भारतीय केंद्रे पुणे आणि चेन्नई येथे होती. चाचणीला झालेला उशीर हा म्हणून एकट्या रुग्णापुरता राहत नाही. तो घरात पसरतो.

आरंभ मात्र कोणालाही विचारून झाला नव्हता. १९८६ च्या सुरुवातीस मद्रास मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. या स्त्रिया कोठे भेटतील हे ठाऊक नसल्याने ती पोलिसांनी पकडून आणलेल्या स्त्रियांच्या सुधारगृहात गेली. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिका सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संशोधन व उपचार केंद्राला त्यांनी वडिलांचे, वाय. आर. गायतोंडे यांचे नाव दिले. नमुन्यांची तपासणी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. काही नमुने संसर्गित निघाले, अमेरिकेतील प्रयोगशाळेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि भारतात हा विषाणू आहे हे प्रथमच कळले. (त्या वेळी त्याला ‘एचआयव्ही’ हे नावही मिळालेले नव्हते, ते १९८६ च्या मे महिन्यात सुचवले गेले.) सुधारगृहातील स्त्रियांना आपले रक्त कशासाठी घेतले जात आहे हे सांगितलेले नव्हते, असे निर्मला यांनीच बऱ्याच वर्षांनंतर प्रांजळपणे नमूद केले आहे. एका तरुण विद्यार्थिनीने अपुऱ्या साधनांनिशी केलेले ते काम असामान्य होते, यात शंका नाही. तथापि भारतातील पहिली चाचणी कोठडीसदृश जागेत, नकार देण्याची मुभा नसलेल्या स्त्रियांवर झाली, ही वस्तुस्थितीही त्या कामाइतकीच इतिहासाचा भाग आहे. शोधाच्या जागेने रोगाला एक पत्ता चिकटवला, आणि पुढे दीर्घकाळ शासन, वैद्यक व वृत्तपत्रे रोगाला त्याच पत्त्यावर शोधत राहिली.

तीन वर्षांनी गोव्यात जे घडले ते जाचाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. डॉमिनिक डिसूझा हा बार्देस तालुक्यातील तरुण, वन्यजीव संरक्षणाच्या क्षेत्रातील संस्थेत नोकरीला. तो नियमित रक्तदाता होता. दान केलेल्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी होते, हे त्याला ठाऊक नव्हते. निकाल त्याला कोणा डॉक्टराने समोर बसवून सांगितला नाही; १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला बोलावून नेले. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या दुरुस्त कलम ५३ नुसार संसर्गित व्यक्तीला अलग ठेवणे शासनाला बंधनकारक होते. म्हापशाच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या क्षयरोग आरोग्यधामात त्याला ६४ दिवस पहाऱ्यात ठेवण्यात आले. त्याची आई ल्यूसी डिसूझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली. वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. अंतरिम आदेशाने डॉमिनिक घरी परतला, परंतु अंतिम निकालात न्यायालयाने अलगीकरणाची तरतूद वैध ठरवली : व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत विरोध आला तर समाजाचे हित वरचढ, असा तो युक्तिवाद होता. कायद्यातील सक्ती नंतर सैल करून अलगीकरण हे शासनाच्या विवेकावर सोपवले गेले. डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला आणि १९९२ च्या मे महिन्यात त्याचा मृत्यू झाला.

मराठी वाचकाला या घटनेत १८९७ चे पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही. प्लेगच्या साथीत गोऱ्या सैनिकांनी घरोघर शिरून केलेली झडती, रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावणीत सक्तीने केलेली रवानगी आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या हा मराठी इतिहासाचा पाठ असलेला भाग आहे. मराठी सामूहिक स्मृतीत प्लेगची तपासणी ही आरोग्याची गोष्ट म्हणून टिकलेलीच नाही. ती घराच्या उंबरठ्याच्या, स्त्रियांच्या मर्यादेच्या आणि परक्या सत्तेच्या उद्दामपणाच्या कथेत विरून गेली. त्या वर्षीचा साथरोग कायदा मात्र टिकला, आणि २०२० मध्ये तोच पुन्हा लागू केला गेला. म्हापशात सत्ता परकी नव्हती. बहुधा म्हणूनच त्या प्रसंगाला चापेकरांसारखी दंतकथा लाभली नाही. त्याच्या वाट्याला आला तो एक न्यायालयीन निकाल आणि बऱ्याच उशिराने, २००५ मध्ये, ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट, ज्याचा नायक गोव्याचा जलतरणपटू आहे. सूझन सॉन्टॅग यांचे ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेही वर्ष १९८९. आक्रमण, वेढा, शत्रू या लष्करी रूपकांतून रोगाकडे पाहिल्याने रोगीच शत्रुपक्षात जमा होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. म्हापशाच्या आरोग्यधामाबाहेर पहारा होता, तेथे रूपकाची गरजच उरली नव्हती.

त्याच वर्षी संसदेत मांडलेले एड्स प्रतिबंधक विधेयकही सक्तीच्याच विचाराचे होते. ते १९९२ मध्ये मागे घेतले गेले. त्या साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) आणि पुण्याजवळ भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था अशा दोन संस्था उभ्या राहिल्या, आणि धोरणाची भाषा पालटू लागली. परंतु भाषा पालटणे आणि माणसाला त्याचा निकाल कळणे यांत अंतर होते. १९९८ पासून देशभर दरवर्षी जी पाहणी होऊ लागली तिची पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या गरोदर स्त्रियांचे जे रक्त गरमीच्या तपासणीसाठी घेतलेले असे, त्यातील उरलेला भाग नाव-गाव पुसून एचआयव्हीसाठी तपासला जाई. साथीचा अंदाज बांधण्यासाठी ही पद्धत शास्त्रीयदृष्ट्या योग्य होती आणि जगभर वापरात होती. तिचा परिणाम मात्र असा की जिल्ह्याची टक्केवारी शासनाला समजे, आणि ज्या बाईच्या रक्ताने ती टक्केवारी बनली ती काही न कळता घरी जाई. म्हापशात नाव होते म्हणून पोलीस आले, इथे नाव नव्हते म्हणून कोणीच आले नाही.

पुण्याच्या संशोधकांनी याच सुमारास एक निष्कर्ष मांडला, ज्याने मद्रासच्या सुधारगृहाने चिकटवलेला पत्ता खोटा ठरवला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांची पाहणी करून रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत संसर्गाचे प्रमाण ४९.९ टक्के होते, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. पण ज्या स्त्रिया देहविक्रय करत नव्हत्या, ज्यांच्यापैकी बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आला नव्हता, त्यांच्यातही ते १३.६ टक्के आढळले. अर्थात हे आकडे गुप्तरोग चिकित्सालयापर्यंत पोचलेल्या स्त्रियांचे आहेत. साऱ्या पुण्याचे नव्हेत. तरीही त्यातून निघणारा अर्थ टाळता येण्याजोगा नव्हता. ‘धोका’ विचारून चाचणी करायची ठरवली, तर या स्त्रियांना कोणताच प्रश्न लागू पडत नव्हता. त्यांचा धोका त्यांच्या वर्तनात नव्हता, त्यांच्या विवाहात होता; आणि विवाहाविषयी प्रश्न विचारण्याचा प्रघात आपल्या दवाखान्यांत नाही.

१९९७ पासून स्वेच्छा समुपदेशन व चाचणी केंद्रे सुरू झाली. २००६ च्या सुमारास गरोदर मातांसाठीच्या केंद्रांसह त्यांचे ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ झाले. ‘समुपदेशन’ हा शब्द त्या काळात मराठीत घरोघर पोचला. त्यातला ‘उपदेश’ लपत नाही, आणि प्रारंभीच्या कित्येक घोषवाक्यांत, पत्रकांत, भिंतीवरच्या मजकुरात उपदेशच अधिक होता : एकपत्नीव्रताचा, संयमाचा, संस्कृतीचा. हिंदीत त्यासाठी ‘परामर्श’ रुळला, जो सल्लामसलतीच्या अधिक जवळचा आहे. राजस्थानातील पाटीवर ‘परामर्श एवं जाँच’ असे लिहिलेले असते, म्हणजे सल्ला आणि चौकशी. महाराष्ट्रातील पाटीवर उपदेश आणि चाचणी. शाळेतल्या ‘घटक चाचणी’मुळे मराठी शब्दाला उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेचा वास आहे. ‘पॉझिटिव्ह’ हा इंग्रजी शब्द मात्र दोन्हीकडे जसाच्या तसा राहिला, कारण ‘सकारात्मक’ म्हटले की निकालाची थट्टा केल्यासारखे वाटते.

‘स्वेच्छा’ या शब्दातही एक अडचण होती. चाचणी स्वेच्छेने व्हावी, हा म्हापशाच्या अनुभवानंतरचा योग्य आग्रह होता. सांगलीच्या ‘संग्राम’सारख्या संस्थांनी आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने तो आपल्या भागात नेटाने धरला. पण स्वेच्छेने येण्यासाठी आधी इच्छा व्हावी लागते, आणि इच्छा होण्यासाठी दोन गोष्टी हव्यात : आपल्याला हे असू शकते अशी शंका, आणि असले तर काही करता येईल अशी आशा. २००४ पर्यंत दुसरी गोष्ट सरकारी दवाखान्यात नव्हतीच. त्या वर्षी १ एप्रिलपासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातील आठ रुग्णालयांत विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली, तेव्हा कोठे चाचणीला काही फळ आले. प्रारंभी ही औषधे प्रतिकारशक्ती बरीच खालावलेल्यांनाच दिली जात. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला ती तात्काळ देण्याचे धोरण आले. इतिहासकाराने या दोन तारखा नीट ध्यानात घ्याव्यात. १९९९ मध्ये चाचणी टाळणारा माणूस अडाणी होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जाहीर होण्याची भीती आणि हाती काहीच न लागण्याची खात्री यांचा त्याने केलेला हिशेब चुकीचा नव्हता. २०१७ नंतर तो हिशेब बदलला, पण भीती जुन्या हिशेबातलीच राहिली.

पहिली गोष्ट, म्हणजे शंका, ही राजस्थानसारख्या राज्यात आणखीच विरळ. महाराष्ट्रात साथ मोठी होती. मुंबई, पुणे, सांगली येथील सामान्य डॉक्टरांच्या डोळ्यांना ती दिसू लागली होती, वृत्तपत्रांतून तिची चर्चा होती. राजस्थानातील प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कमी राहिले, आणि ते तसे असल्यामुळेच रोग ‘इथला नाही’ अशी समजूत टिकली. दिल्लीहून जयपूर, अहमदाबादमार्गे मुंबईला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ या समजुतीला छेद देत होता. डुंगरपूर, उदयपूर, राजसमंद या दक्षिणेकडील जिल्ह्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या सुरत, अहमदाबाद, मुंबईकडे मजुरीला, हॉटेलांत, दुकानांत कामाला जात आले. गावी राहिलेल्या बायकांना रोग त्या रस्त्याने येऊन भेटला तरी गावच्या दवाखान्यात त्याचा विचार होईलच असे नव्हते. जयपूरचे सवाई मानसिंह रुग्णालय हे साऱ्या राज्याचे शेवटचे ठिकाण. जो रुग्ण तेथे क्षयाने किंवा मेंदूज्वराने जर्जर होऊन दाखल होतो, तो त्याआधी गावातल्या अनेक दारांवरून गेलेला असतो : ओळखीचा औषधविक्रेता, पदवी नसलेला डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे खासगी रुग्णालय. या प्रत्येक दारात त्याचे एक लक्षण बरे करून त्याला परत धाडलेले असते.

नागिणीचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात नागिणीवर गेरू लावणे, तिचे तोंड व शेपूट जुळू नये म्हणून मंत्र घालणे हे आजही चालते, आणि ती काही आठवड्यांत आपोआप ओसरत असल्याने उपचार करणाऱ्याची कीर्तीही वाढते. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत त्यात विशेष काही बिघडत नाही. पण तिशीच्या माणसाला नागीण उठली, तर ती बरी होणे ही अर्धीच गोष्ट असते. ती का उठली हे विचारायचे राहून जाते. डॉक्टरही ते विचारत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा अज्ञान नसते. समोर बसलेल्या ओळखीच्या, संसारी माणसाला ‘एचआयव्ही तपासून पाहू’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवणे, असे डॉक्टरलाच वाटते. संकोच रुग्णाचा मानला जातो. तो पुष्कळदा वैद्याचा असतो.

या संकोचावर उतारा म्हणून जगात २००६-०७ च्या सुमारास जे धोरण आले ते असे : शंका असो वा नसो, आरोग्यसेवकाने आपणहून सर्वांना चाचणी देऊ करावी आणि नको असेल त्याने नाही म्हणावे. २००६ मध्ये अमेरिकेने आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या स्वरूपाच्या सूचना प्रसिद्ध केल्या. सर्वांना विचारले की कोणालाच हेरून विचारल्यासारखे होत नाही, हा त्यातला विचार. भारतात तो प्रत्यक्षात मुख्यतः दोन गटांपुरता उतरला, क्षयरुग्ण आणि गरोदर स्त्रिया. मैदानी भागात ३०,००० आणि डोंगरी, आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीमागे एक, असे प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रमाण ठरलेले आहे. तेथे एचआयव्हीसाठी वेगळा कर्मचारी नसतो. असलेली परिचारिका किंवा तंत्रज्ञच बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतो, आणि अर्ध्या तासाच्या आत रेघ उमटते किंवा उमटत नाही.

रेघ उमटली तरी ते निदान नसते, आणि हे कमी प्रमाणाच्या प्रदेशात विशेष महत्त्वाचे आहे. समजा, हजार माणसांत एकच बाधित आहे आणि पट्टीची चूक हजारात पाच इतकी थोडी आहे. तर हजारांची तपासणी केल्यावर सहा जणांची रेघ उमटेल, आणि त्यांतले पाच निरोगी असतील. म्हणून वेगवेगळ्या बनावटीच्या आणखी दोन पट्ट्यांनी खात्री करून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, असा नियम आहे. आणि ती खात्री प्राथमिक केंद्रात होत नाही, मोठ्या केंद्रात जावे लागते. ज्या शास्त्रीय काळजीने पाच निरपराधांना वाचवले, तिनेच सहाव्याला तीस-चाळीस किलोमीटरचा प्रवास आणि एका दिवसाची मजुरी बुडवण्याचा दंड लावला. मधल्या प्रवासात काही माणसे गळतात. त्यांना धड ‘आहे’ असे सांगितलेले नसते, धड ‘नाही’ असेही नसते. वेळेवर चाचणी होण्याचा प्रश्न पट्टी गावात पोचवून सुटत नाही, तो असा : खात्रीची चाचणीही जवळ आणावी, किंवा माणसाऐवजी त्याचा नमुना पाठवावा, आणि जाणाऱ्याबरोबर कोणीतरी जावे. राजस्थानात जिला आशा सहयोगिनी आणि महाराष्ट्रात आशा स्वयंसेविका म्हणतात, तिने सोबत जावे अशी अपेक्षा धरली जाते. पण ती त्याच गावची सून असते, आणि तिच्याबरोबर तालुक्याला जाणे हीच गावासाठी बातमी होते.

गरोदर स्त्रीच्या चाचणीत एक निराळाच पेच आहे. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून तिची चाचणी अत्यावश्यक आहे आणि औषधांमुळे तो धोका फार कमी करता येतो, याविषयी दुमत नाही. परंतु घरातल्या दोघांपैकी तीच आधी तपासली जात असल्याने रोगाची वर्दी घरात तिच्या तोंडून पोचते. पुण्याच्या निबंधाने दाखवले होते की रोग तिच्याकडे नवऱ्याकडून आला; घरात मात्र जिचे नाव कागदावर प्रथम आले, तिच्यामुळे तो आला असे ठरते. ‘जाँच’ दवाखान्यात होते आणि ‘जाच’ घरी सुरू होतो, असे म्हटले तर ती शब्दांची कोटी ठरणार नाही. यावर वैद्यकीय तोडगा आहे, तो म्हणजे पती-पत्नींना एकत्र बोलावून एकत्र तपासणे. तो मार्गदर्शक पुस्तिकांत आहेही. पण प्रसूतिपूर्व तपासणीच्या रांगेत पुरुष नसतो; तो सुरतेला किंवा मुंबईला असतो, किंवा दवाखान्याच्या फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो.

राजस्थान शासनाने २ ऑक्टोबर २०११ रोजी मोफत औषधांची आणि ७ एप्रिल २०१३ रोजी मोफत तपासण्यांची, ‘मुख्यमंत्री निःशुल्क जाँच’ ही योजना सुरू केली. एचआयव्हीची चाचणी सरकारी केंद्रांत आधीपासूनच मोफत होती, त्यामुळे या योजनांचा आणि तिचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. तो जोडायला हवा. ताप, अशक्तपणा, मधुमेह यांसाठी प्राथमिक केंद्रात रक्त देण्याची जी सवय अशा योजनेमुळे लागते, तिच्यातच एचआयव्हीची पट्टी मिसळून गेली, तर चाचणीसाठी निराळ्या खोलीत जाण्याची गरज उरत नाही. आणि निराळी खोली हाच या रोगाचा सर्वांत जुना वारसा आहे. कित्येक रुग्णालयांत त्या केंद्राचा उल्लेख आजही नावाने होत नाही, खोलीच्या क्रमांकाने होतो. यावर आक्षेपही घेता येईल : साऱ्या तपासण्यांत मिसळलेली चाचणी न विचारताच उरकली जाण्याचा धोका असतो, आणि मग आपण पुन्हा १९८९ च्या रक्तपेढीत येऊन पोचतो. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याचे महत्त्व. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या या कायद्याने समजून दिलेली संमती, चाचणीआधीचे व नंतरचे समुपदेशन आणि निकालाची गोपनीयता यांना कायदेशीर बळ दिले. म्हापशाच्या निकालाने समाजहित आणि व्यक्तिहक्क एकमेकांसमोर उभे केले होते. या कायद्याच्या रचनेत ते एकमेकांचे साधन मानले आहेत.

संमती शेवटी एका वाक्यात मागितली जाते, आणि ते वाक्य कोणत्या भाषेत, कोणत्या प्रयोगात येते याला महत्त्व आहे. ‘आपली चाचणी करण्यात येत आहे’ या कर्मणी वाक्यात विचारणारा कोणीच नाही, त्यामुळे नकार तरी कोणाला द्यायचा? ‘बाई, इथे येणाऱ्या सगळ्यांचीच आम्ही ही तपासणी करतो, तुमची करू का?’ या वाक्यात विचारणारी आहे, ‘सगळ्यांची’ असल्याने संशय नाही, आणि ‘करू का’मध्ये नाही म्हणायला जागा आहे. जयपूरच्या आसपास हे ढूंढाडीत, डुंगरपूरला वागडीत, सांगलीच्या सीमेवर कानडीमिश्रित मराठीत विचारावे लागते. छापील संमतिपत्र प्रमाण हिंदीत किंवा प्रमाण मराठीत असते. अंगठा त्यावर उठतो.

साहित्याने या जागेकडे पुरेसे पाहिलेले नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एड्स सूत्र’ या इंग्रजी संग्रहात सलमान रश्दी, विक्रम सेठ, किरण देसाई, सुनील गंगोपाध्याय, विल्यम डॅलरिंपल अशा नामवंतांनी देशभर फिरून लिहिले; प्रस्तावना अमर्त्य सेन यांची. संग्रह वाचनीय आहे. पण त्याचा भर हिजडे, देवदासी, ट्रकचालक, व्यसनी तरुण अशा समूहांवर आहे; मद्रासच्या सुधारगृहाने घालून दिलेला नकाशा तेथे सहानुभूतीने का होईना, पुन्हा गिरवला जातो. मराठीत नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ मध्येच कामाठीपुऱ्याला काव्याच्या केंद्रस्थानी आणले होते, साथ येण्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे साथ आली तेव्हा मराठी वाचकाच्या मनात तिचे घर तयारच होते. प्रसूतिपूर्व तपासणीच्या रांगेतली बाई, तिच्या हातातली तालुक्याला जाण्याची चिठ्ठी, फाटकाबाहेरचा नवरा यांची कथा मात्र तशी ठळकपणे उभी राहिली नाही. तीत नाट्य कमी आहे, हे एक कारण. वाचकापासून ती फार जवळ आहे, हे दुसरे.

२०२० मध्ये ‘पॉझिटिव्ह’, ‘विलगीकरण’, ‘चाचणी’ हे शब्द सर्वांचे झाले. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात त्या वर्षीच्या मार्चमध्ये इटलीहून आलेल्या प्रवाशांवर एचआयव्हीचीच दोन औषधे वापरून पाहण्यात आली, आणि भिलवाड्यात घरोघर पाहणी झाली. दारावर चिकटवलेल्या कागदाचा अनुभव मध्यमवर्गाने प्रथमच घेतला. तो अनुभव एचआयव्हीबाबतच्या समजुतीत उतरला असे दिसत नाही. करोनाची चाचणी शेजाऱ्याला सांगून करता आली, ही चाचणी नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यांत महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक. आणि त्यांच्यापैकी साधारण पाचांत एकाला आपला संसर्ग ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक झाले आणि उपचार मिळाले त्यांच्यात विषाणू दबून राहण्याचे प्रमाण उत्तम आहे. म्हणजे औषधांची बाजू बरीच सावरली, अडते ते पहिल्या पायरीशी.

त्या पायरीचा एक मोठा भाग शासनाच्या हद्दीबाहेर आहे. शस्त्रक्रियेपूर्वी, बाळंतपणापूर्वी किंवा विम्याच्या कागदांसाठी खासगी प्रयोगशाळांत जी चाचणी होते, तेथे रुग्णाला इतर तपासण्यांच्या यादीत ती लिहिलेली असल्याचेही पुष्कळदा माहीत नसते. समुपदेशन नसते, पाकीट नातेवाइकाच्या हाती पडते, शस्त्रक्रिया ‘पुढे ढकलली’ जाते आणि माणसाला दुसरीकडे जायला सांगितले जाते. २०१७ चा कायदा खासगी व्यावसायिकांनाही लागू आहे, संमती आणि गोपनीयता या दोन्ही बाबतींत, आणि राज्यांनी तक्रारींसाठी लोकपाल नेमावा अशी तरतूदही त्यात आहे. तक्रार करायची तर मात्र आपले नाव आणि आपला निकाल दोन्ही पुन्हा एका कार्यालयात सांगावे लागतात. कायद्याने त्यासाठी टोपणनावाने दाद मागण्याची सोय ठेवली आहे. ल्यूसी डिसूझा यांच्यापाशी १९८९ मध्ये ती सोय नव्हती, आणि तो खटला त्यांच्याच नावाने न्यायनिर्णयांच्या संग्रहांत छापला गेला आहे.